नॅशनल खेळला म्हणजे नेमकं कुठलं नॅशनल खेळला?

आमच्याकडं बीड, परभणी, धाराशिव कुठंही जा, चौकात एक फ्लेक्स असतोच. 'राष्ट्रीय स्पर्धेत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', कोपऱ्यात पोराचा पासपोर्ट साइज फोटो आणि वर त्याच्या तिप्पट मोठे पुढाऱ्यांचे फोटो. पोराचं कौतुक व्हायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण फ्लेक्स बघणाऱ्या शंभरातल्या नव्वद लोकांना हे पोरगं नेमकं कुठलं नॅशनल खेळायला चाललंय ते माहिती नसतं, आणि खरं सांगायचं तर कधी कधी पोराच्या बापालापण नसतं. शाळेचं नॅशनल वेगळं, ज्युनियर वेगळं, ओपन वेगळं, इंटर-स्टेट वेगळं, नॅशनल गेम्स तर अजूनच वेगळं, आणि कुणीतरी लेटरहेड छापून पैसे भरून घेऊन भरवलेलं 'नॅशनल' हे सगळ्यात वेगळं. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढावं. फक्त ॲथलेटिक्सचं लिहितो, म्हणजे पळणं, उड्या आणि फेकीचे प्रकार, ज्याला शाळेत आपण मैदानी स्पर्धा म्हणायचो.

तसं बघितलं तर ॲथलेटिक्स मराठवाड्याला नवीन नाहीच. पहाटे पाचला कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेरच्या रोडवर जा, पोरं पळायलेत, पोरी पळायलेत, कुणी गोळा फेकायलंय. त्यांना विचारलं तर ॲथलेटिक्स नाही म्हणणार, भरतीची तयारी म्हणणार. पोलीस भरतीला पोरांना सोळाशे आणि पोरींना आठशे मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक, सगळे प्रकार ट्रॅक अँड फील्डमधलेच. आणि पोलीस असो नाहीतर फौज, या भरतीचा नॅशनल स्पर्धेच्या इतिहासाशी जेवढा संबंध आहे तेवढा दुसऱ्या कशाचाच नाही, ते पुढं येईलच.

आधी सुरुवात कुठून झाली ते बघू. ही गोष्ट पुण्यातनं सुरू होते. १९१९ ला डेक्कन जिमखान्यावर पळायच्या शर्यती झाल्या. जिमखान्याचे अध्यक्ष होते दोराबजी टाटा, जमशेटजींचे थोरले चिरंजीव. शर्यतीत खेड्यापाड्यातली शेतकरी पोरं अनवाणी पळाली, ना बूट, ना कुणी शिकवलेलं, तरी त्यांचा वेळ बघून दोराबजी चाट पडले कारण तो युरोपातल्या पळणाऱ्यांच्या फार मागं नव्हता. तिथून त्यांच्या डोक्यात आलं की यांना ऑलिम्पिकला पाठवायचं. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला टीम गेली, पैशाचा मोठा भार टाटांनी स्वतः उचलला. त्यात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले होते, मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. आपले सदाशिव दातारपण त्याच टीममध्ये होते.

मग पुढच्या ऑलिम्पिकला, म्हणजे १९२४ च्या पॅरिसला, टीम निवडायची कशी असा प्रश्न आला, कारण पुण्यात बघून चार पोरं उचलली असं किती वेळा चालणार. म्हणून १९२४ ला देशभरातल्या प्रांतांमधून खेळाडू बोलावून स्पर्धा भरवली, तिला नाव होतं इंडियन ऑलिम्पिक गेम्स. आपल्याकडच्या नॅशनलचं मूळ हे. १९२७ ला इंडियन ऑलिम्पिक असोसिएशन रीतसर उभी राहिली, पहिले अध्यक्ष अर्थातच दोराबजी, नंतर पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. साधारण दर दोन वर्षांनी या स्पर्धा व्हायच्या, लाहोरला तर कैकदा झाल्या, आणि १९४० ला मुंबईत झाल्या तेव्हा नाव बदलून नॅशनल गेम्स केलं.

इथं आपल्या भागाचं एक सांगण्यासारखं आहे. त्या काळात मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत संस्थान, त्यानंतर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य, मग मुंबई राज्य, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र. म्हणजे आपल्या बीडचं किंवा नांदेडचं एखादं पोरगं त्या वेळी निवडलं गेलं असतं तर ते हैदराबादकडून पळालं असतं, आणि पुण्यामुंबईच्या पोरांच्या विरोधात. आज जे पोरगं छातीवर महाराष्ट्र लिहून पळतं त्याच्या आज्याला ते शक्यच नव्हतं.

आता गोंधळ कुठं सुरू होतो ते बघा. नॅशनल गेम्स ही सगळ्या खेळांची जत्रा, त्यात कुस्ती पण, पोहणं पण, पळणं पण. फक्त ॲथलेटिक्सचा कारभार बघणारी वेगळी संस्था १९४६ ला झाली, ॲमेच्युअर ॲथलेटिक फेडरेशन ऑफ इंडिया, तिचंच आज ॲथलेटिक्स फेडरेशन ऑफ इंडिया झालंय, सगळे एएफआय म्हणतात. एएफआय आपल्या स्वतःच्या स्पर्धा घेते, त्यांचा ऑलिम्पिक असोसिएशनच्या नॅशनल गेम्सशी संबंध नाही. आणि सीनियर लेव्हलला एएफआयच्या एक नाही तर दोन मोठ्या चॅम्पियनशिप आहेत, इंटर-स्टेट आणि ओपन, वर फेडरेशन कप वेगळा. दोन्हींचे नंबर कसे शेजारी शेजारी चाललेत बघा, २०२१ च्या जूनमध्ये पतियाळाला साठावी इंटर-स्टेट झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारंगळला साठावी ओपन. कोरोनासारखी मधली खाड्याची वर्षं धरून मागं मोजत गेलं की दोन्ही १९६० च्या आसपास सुरू झाल्याचं दिसतं.

मग दोन कशाला? बघा, इंटर-स्टेटमध्ये टीम असते राज्याची. महाराष्ट्र, केरळ, पंजाब, हरियाणा. ओपनमध्ये राज्यं तर असतातच, पण नोकरी देणाऱ्या संस्थाही आपापल्या टीम घेऊन उतरतात, म्हणजे सर्व्हिसेस (आर्मी, नेव्ही, एअर फोर्स मिळून), रेल्वे, ओएनजीसी, पोलीस वगैरे. एकच माणूस लग्नात नवरीकडचा पण असतो आणि नवरदेवाकडचा पण, तसं आहे हे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं फौजेतलं पोरगं इंटर-स्टेटला उतरलं तर महाराष्ट्राचं आणि ओपनला उतरलं तर सर्व्हिसेसचं. त्यामुळं पेपरात 'सर्व्हिसेसच्या अमुकनं गोल्ड मारलं' असं वाचून आपण पान उलटतो आणि तो आपल्याच शेजारच्या तालुक्यातला असतो.

दोन्हींचं महत्त्वपण वेगळं. इंटर-स्टेट साधारण उन्हाळ्याच्या शेवटी येते, मोठ्या स्पर्धांच्या तोंडावर, म्हणून तिथं निवडीचं टेन्शन असतं. २०२१ ची पतियाळाची इंटर-स्टेट २९ जूनला संपली आणि टोकियो ऑलिम्पिकची क्वालिफिकेशनची मुदत त्याच दिवशी संपत होती. २०२४ ला पंचकुलाला परत तेच, ३० जून म्हणजे पॅरिसची शेवटची तारीख. शेवटच्या दिवशी शेवटच्या उडीत नशीब ठरतं लोकांचं. ओपन बहुतेक वेळा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सीझन संपताना. तिथं संस्थांची इज्जत पणाला असते, कोच लोकांचं प्रमोशन पण, आणि दमलेल्या खेळाडूंकडून काही होणार नाही असं वाटतं तर उलटंच होतं, जुने जुने रेकॉर्ड ओपनमध्येच पडलेत. २०१९ ला रांचीत दुती चंद शंभर मीटर ११.२२ पळाली. २०२१ ला वारंगळला हरमिलन बैंसनं पंधराशे मीटरमध्ये ४:०५.३९ काढून सुनीता राणीचा २००२ चा रेकॉर्ड मोडला. आणि २०१८ ला भुवनेश्वरला जे झालं ते तर आपल्या घरचं.

पण त्याआधी फौजेचं सांगतो, कारण माझं म्हणणं असं की भारतातल्या नॅशनलचा अर्धा इतिहास हा फौजेचाच आहे. मिल्खासिंग घ्या. फाळणीत घर गेलं, दिल्लीला आले, फौजेत लागले, ईएमईमध्ये (फौजेची यंत्रं-गाड्या दुरुस्त करणारा विभाग), आणि पोस्टिंग कुठं तर सिकंदराबादला, म्हणजे आपल्यापासून रात्रीच्या ट्रेनचं अंतर. तिथं रंगरुटांची क्रॉस कंट्री झाली, त्यात सहावे आले आणि तिथून ट्रॅकवर गेले. १९५८ ला कटकच्या नॅशनल गेम्समध्ये दोनशे आणि चारशे दोन्ही जिंकले, त्याच वर्षी टोकियो एशियन गेम्समध्येही दोन्ही, आणि कार्डिफ कॉमनवेल्थमध्ये ४४० यार्डचं गोल्ड. पानसिंग तोमर पण फौजेतलाच. चंबळचा डाकू म्हणून सिनेमामुळं सगळ्यांना माहिती झाला, पण त्याआधी तो स्टीपलचेसचा सात वेळचा नॅशनल चॅम्पियन होता. १९८१ ला पोलिसांच्या चकमकीत मारला गेला. आणि योगायोग बघा, त्याच १९८१ ला टोकियोत एशियन चॅम्पियनशिपमध्ये गोपाल सैनीनं स्टीपलचेसमध्ये ८:३०.८८ चा रेकॉर्ड केला. हा रेकॉर्ड ३७ वर्षं कुणाला हलला नाही.

स्टीपलचेस म्हणजे काय ते ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी जरा सावकाश सांगतो. तीन हजार मीटर पळायचं, पण नुसतं नाही. वाटेत २८ वेळा लाकडी आडवं ओलांडायचं आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा. हर्डल्सच्या शर्यतीत पाय लागला की हर्डल पडतं, इथं आडवं पडत नाही, ऐंशी ते शंभर किलोचं असतं, पुरुषांसाठी ९१.४ सेंटीमीटर म्हणजे साधारण तीन फूट उंच. धडकलात तर तुम्हीच पडणार. पाण्याच्या ठिकाणी आडव्याच्या पलीकडं ३.६६ मीटर लांब खड्डा असतो, आडव्याजवळ खोल आणि पुढं जाईल तसा तळ चढत चढत ट्रॅकच्या पातळीला येणारा. म्हणजे जेवढी लांब उडी तेवढं कमी पाणी आणि जेवढी आखूड तेवढे बूट भिजून जड. बहुतेक जण आडव्यावर एक पाय टेकवून झेप घेतात. शेवटच्या चकरात पाय गळाटलेले असतात, आजूबाजूला बाकीचे कोपर लावत असतात आणि त्यात ही झेप. विहिरीवर उड्या मारलेल्या पोरांना सोपं वाटंल, पण अडीच किलोमीटर पळाल्यावर मारून बघा.

आता अविनाश साबळे. आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव, आईवडील शेतकरी, वीटभट्टीवर पण काम केलेले, आणि शाळा सहा किलोमीटर लांब, एसटी वेळेवर नाही म्हणून चालत नाहीतर पळत. आमच्याकडं हे इतकं कॉमन आहे की यात कुणाला बातमी दिसत नाही. बारावी झाल्यावर फौजेत, ५ महार म्हणजे महार रेजिमेंटची पाचवी बटालियन. सियाचीनला ड्युटी, राजस्थानला, सिक्कीमला. २०१५ ला आर्मीच्या क्रॉस कंट्रीत उतरला, आणि हे महत्त्वाचं, तोपर्यंत या पोरानं कुठलंही मोठं नॅशनल खेळलेलं नव्हतं. आपल्याकडं दहावीला मेडल नाही आलं तर 'खेळात काही होत नाही' म्हणून बॅट-बॉल, बूट सगळं माळ्यावर टाकतात, हा गडी विशीत सुरू झाला. कोच अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडं वळवला. २०१७ च्या ओपनला चेन्नईत सैनीच्या रेकॉर्डपासून नऊ-एक सेकंद लांब राहिला. २०१८ च्या एशियन गेम्सला दुखापतीमुळं जाताच आलं नाही. आणि मग त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर ओपनमध्ये, सर्व्हिसेसच्या बनियनमध्ये, ८:२९.८०.

फरक किती? १.०८ सेकंद. ऐकायला काहीच नाही वाटत. पण त्या वेगानं एका सेकंदात माणूस साधारण सहा मीटर जातो, म्हणजे सैनीचा १९८१ चा वेग त्या दिवशी सोबत पळत असता तर साबळेच्या मागं सहा-एक मीटरवर असता. भरतीच्या भाषेत सांगायचं तर साडेपाच मिनिटांच्या आत सोळाशे संपवणाऱ्या पोराला ग्राउंडवर भारी समजतात, साबळेचा त्या दिवशीचा वेग सोळाशेला लावला तर साधारण चार मिनिटं बत्तीस सेकंद येतात, तेही मधी आडवं आणि पाणी ओलांडत, आणि सोळाशे संपल्यावर अजून चौदाशे मीटर बाकी. तिथून पुढं त्यानं स्वतःचाच रेकॉर्ड किती वेळा मोडला याचा हिशोब ठेवायचं लोकांनी सोडून दिलं, २०२२ ला बर्मिंगहॅमला ८:११.२० काढून सिल्व्हर, गोल्ड ०.०५ सेकंदानं गेलं, पण कॉमनवेल्थमध्ये १९९४ नंतर या प्रकारात केनियाच्या बाहेर गेलेलं पहिलं मेडल होतं ते. मग हांगझोऊ एशियन गेम्सला गोल्ड, पॅरिस डायमंड लीगला ८:०९.९१ आणि पॅरिस ऑलिम्पिकची फायनल.

हे सगळं सांगायचं कारण असं की ओपन नावाची स्पर्धा नसती आणि फौजेला टीम म्हणून जागा नसती तर मांडव्याचं पोरगं या रस्त्याला लागलं असतं का, मला तरी वाटत नाही. शाळा, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, नॅशनल ही शालेय शिडी आहे, १९५४ पासून स्कूल गेम्स फेडरेशन ती चालवते, पण त्या शिडीवर चढायला वेळेवर कुणीतरी बघणारा सर लागतो आणि ग्राउंड लागतं. आपल्याकडं तालुक्याच्या स्पर्धेला मुरमाच्या मैदानावर सकाळी फक्की मारून ट्रॅक आखतात, दुपारपर्यंत वाऱ्यानं आणि पोरांच्या पायांनी फक्की गेलेली असते, मग दोनशेच्या हीटमध्ये कोण कुठल्या लेनमध्ये पळतंय ते देवालाच माहिती. १९९४ च्या नॅशनल गेम्ससाठी पुण्यात बालेवाडी उभी राहिली, फार भारी काम झालं, पण ती जानेवारीतली स्पर्धा चालू होती तेव्हा किल्लारीच्या भूकंपाला चार महिने पण झाले नव्हते आणि आमची माणसं पत्र्याच्या शेडमध्ये होती. तसं साईचं, म्हणजे स्पोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडियाचं, सेंटर संभाजीनगरला आहे, परभणीच्या ज्योती गवतेसारख्या पोरी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या, पण बहुतेकांसाठी पहिला खरा सिंथेटिक ट्रॅक हा फौजेत किंवा रेल्वेत गेल्यावरच पायाखाली येतो.

वेळेवरून अजून एक भांडण नेहमी होतं. 'आमच्या पोरानं शंभर मीटर दहा-आठमध्ये काढलं, नॅशनलवाल्यांनी घेतलं नाही.' भाऊ, ते हातानं लावलेलं घड्याळ होतं. बंदुकीचा धूर दिसल्यावर बोट दाबायला जो उशीर होतो तेवढा वेळ पळणाऱ्याला फुकट मिळतो, म्हणून हाताच्या वेळेची मशीनच्या वेळेशी तुलना करायची तर शंभर-दोनशेला ०.२४ सेकंद मिळवतात. मिल्खासिंगांचा रोमचा चारशेचा वेळ हातावर ४५.६ आणि मशीनवर ४५.७३, दोन्ही खरे, म्हणून जुन्या पुस्तकात वेगवेगळे आकडे दिसतात. आणि शंभर, दोनशे, लांब उडीला मागून वारा सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त असला तर पहिला नंबर मिळतो पण रेकॉर्ड मिळत नाही.

डोपिंगचं पण बोललं पाहिजे, झाकून काय उपयोग. सप्टेंबर २०२३ ला दिल्लीच्या राज्य स्पर्धेत डोप टेस्टवाले आले म्हटल्यावर पोरं गायब झाली आणि शंभर मीटरच्या फायनलला एकटा गडी पळाला. ही नॅशनल नव्हती, राज्याची होती, पण रोग सगळीकडं आहे. मेडल म्हणजे नोकरी, म्हणून इंजेक्शनवाले ग्राउंडच्या गेटपर्यंत आलेत. पोराच्या बॅगेत काय पावडर आहे ते घरच्यांनी बघायला लाजू नये.

नोकरीचाच विषय निघाला म्हणून, महाराष्ट्रात सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के जागा आहेत आणि त्यासाठी सर्टिफिकेटची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. गोंधळ सगळा इथंच आहे. कुणीतरी 'इंडिया', 'भारत', 'नॅशनल' असे दोन-तीन शब्द जोडून संस्था काढतो, पोरामागं काही हजार घेतो, गोव्याला नाहीतर आग्र्याला नेतो, चार टीममध्ये सगळ्यांना मेडल. पडताळणीत ते टिकत नाही, तोवर वय निघून जातं. म्हणून ॲथलेटिक्सला एन्ट्री भरायच्या आधी दोनच गोष्टी बघा. स्पर्धा एएफआयच्या कॅलेंडरमध्ये आहे का, आणि तुमची निवड जिल्हा संघटना, राज्य संघटना अशी वर गेलीय का डायरेक्ट कुणी फोन करून बोलावलंय. सोळा वर्षांच्या आतली लेकरं असतील तर एएफआयची इंटर-डिस्ट्रिक्ट ज्युनियर मीट असते, देशभरातल्या शेकडो जिल्ह्यांमधून हजारो पोरं येतात, आणि तिथं टीम राज्याची नसून जिल्ह्याची असते, म्हणजे हिंगोलीचं लेकरू हिंगोली म्हणूनच उतरतं. त्यासाठी जन्मदाखला ओरिजिनल लागतो आणि एएफआयचा युआयडी, म्हणजे खेळाडूचा नोंदणी नंबर, काढावा लागतो. तो आधीच काढून ठेवा, निवड चाचणीच्या आदल्या रात्री नेट कॅफेत नाही.